मऊ जमिनीचे टायर

“राजेला विचारून घेतो,” असं म्हणत नवऱ्याने फोन उचलला, तेव्हा मी ठमीला भरवत होते. चमचा तसाच वाटीत ठेवला.

“नको. या वेळी टायर मी निवडणार.”

तो माझ्याकडे बघत राहिला. ठमीसुद्धा बघत राहिली, कारण तोंडापर्यंत आलेला घास परत गेला होता.

“तू?”

“का? मला कळत नाही?”

“कळतं गं. पण राजे रोज ट्रॅकवर असतो. त्याला जमीन माहीत असते.”

“मलाही माहीत आहे. गेल्या वर्षी तुझ्या कपड्यांवरची जमीन मीच धुतली होती. तीन पाण्यांतून काढली.”

त्याने फोन खाली ठेवला आणि मांडी चोळायला लागला. हल्ली त्याला ती सवयच लागली आहे. जिथे आत लोखंडी पट्टी आहे, तिथे हात जातो.

माझा नवरा फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवतो. सगळे त्याला वेल्डर म्हणतात, माझे सासरेसुद्धा. आठवडाभर ठिणग्यांसमोर बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीची मोटरसायकल घेऊन मातीच्या ट्रॅकवर जायचं, उड्या मारायच्या, वळणं घ्यायची, चिखलात किंवा धुळीत लोळून परत यायचं. लग्नाआधी मला हे फार मर्दानी वाटायचं. लग्नानंतर कपडे धुवावे लागले तेव्हा जरा कमी वाटायला लागलं. ठमी पोटात होती तेव्हापासून मात्र शर्यतीच्या दिवशी मला पाणीसुद्धा गिळवत नाही.

राजे हा त्याचा दहा वर्षांचा मित्र. खरं नाव वेगळं आहे, पण चालणं असं की जणू पुढे कोणीतरी सतरंजी अंथरत चाललंय. म्हणून राजे. दोघे एकाच वर्षी क्लबात आले, एकाच डब्यात जेवले. एकाची गाडी बंद पडली की दुसरा ढकलायला हजर. आमच्या लग्नात माझ्या चपलांवर पहारा देत हाच उभा होता, आणि मी त्याला भावजी म्हणायला लागले ते त्या दिवसापासून, अगदी मनापासून.

गेल्या वर्षीची वार्षिक शर्यत. दोन दिवस आधी नवरा अंगणात गाडीचं मागचं चाक काढून बसला होता. त्याचे दोन्ही हात ग्रीसने काळे झालेले, म्हणून मी फोन स्पीकरवर लावून त्याच्या कानाशी धरला होता. त्यामुळे ते बोलणं शब्द न् शब्द मी ऐकलं आहे.

“राजे, पाणी मारणार आहेत का रे ट्रॅकवर?”

“छे! टँकर बंद पडलाय. मी आत्ताच चौकशी करून आलो. ठणठणीत कोरडा असणार. कडक जमिनीचेच टाक, डोळे मिटून.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कडक जमिनीच्या टायरवर रबराचे ठोकळे बुटके आणि दाटीवाटीने बसवलेले असतात. कोरड्या टणक मातीवर ते छान धरतात. पण त्याच मातीवर पाणी पडलं की ठोकळ्यांमधल्या फटींत चिखल भरतो आणि टायर साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होतो. मऊ जमिनीच्या टायरचे ठोकळे उंच आणि लांब लांब. ते मातीत रुततात आणि चिखल बाहेर फेकतात. एवढाच फरक आहे. हाडं शाबूत राहतील का, हे त्या फरकावर ठरतं.

आणि आमच्या क्लबाचा एक नियम आहे. फायनलच्या अर्धा तास आधी सगळ्या गाड्या दोरीच्या आत नेऊन उभ्या करायच्या. नंतर स्वाराने गाडीला बोटसुद्धा लावायचं नाही. लावलं तर बाद.

त्या दिवशी गाड्या दोरीच्या आत गेल्या आणि वीसेक मिनिटांनी टँकर आला. बंद पडलेला टँकर. पूर्ण ट्रॅकवर पाणी मारून गेला. नवऱ्याने दोरीबाहेरून माझ्याकडे बघून खांदे उडवले, म्हणजे ‘असू दे, सांभाळून जातो’. मी सहा महिन्यांची गरोदर होते. तिसऱ्या फेरीला डावीकडचं वळण संपून उडीचा चढ सुरू होतो, तिथे त्याचं मागचं चाक सटकलं आणि गाडी त्याच्या मांडीवर पडली. तो आवाज मी कुंपणापाशी ऐकला. राजे जिंकला. त्याने मऊ जमिनीचे टायर टाकले होते. “सहज टाकले रे, जुने पडले होते घरात,” असं त्याने दवाखान्यात सांगितलं. नवऱ्याला ते पटलं. मलाही पटलं.

ठमी चाळीस दिवसांची असताना टँकरवाले काका तिला बघायला आले. साधा माणूस. दारात चप्पल काढली ती सुद्धा कोपऱ्यात, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून. नवरा कुबड्या घेऊन डॉक्टरकडे गेला होता. काका बराच वेळ ठमीच्या मुठीत बोट देऊन बसले, मग म्हणाले, “पोरी, मला फार लागलंय गं मनाला. माझ्याच पाण्याने झालं. पण मी राजेला दोन दिवस आधी सांगितलं होतं, कमिटीने बोलावलंय, फायनलच्या तोंडावर पाणी मारणार. म्हटलं, तो वेल्डरला सांगेलच. तुमचं तर काय, सख्ख्या भावासारखं.”

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी त्यांच्यासमोर अलगद ठेवला, बशीचासुद्धा आवाज होऊ दिला नाही.

“काका, हे ह्यांना सांगू नका,” मी म्हटलं. “आत्ता नको. पाय बरा होऊ दे.”

त्यांना वाटलं मी पायाच्या काळजीने म्हणतेय.

त्यानंतर साडेसात महिने राजे आमच्या घरी येत राहिला. “वहिनी, चहा!” अशी दारातूनच आरोळी. ठमीला उचलून वर उडवायचा, आणि ती खिदळायची, याचा मला तिच्यावरसुद्धा राग यायचा. मी चहा करायचे. दीड चमचा साखर, त्याला लागते तशी. एकदाही कमी-जास्त झाली नाही. तो प्यायचा आणि मी त्याच्या मांड्यांकडे बघायचे. दोन्ही धडधाकट. नवरा भिंतीला धरून न्हाणीघरात जायचा तेव्हा राजे पाय पसरून खुर्चीत बसलेला असायचा. माझ्या मनात काय काय यायचं ते इथे लिहीत नाही.

नवऱ्याला का नाही सांगितलं, तर मी त्याला ओळखते. तो अर्धा दिवस गप्प बसला असता, मग म्हणाला असता, “जाऊ दे गं, शर्यतीत होतं असं.” आणि संध्याकाळी दोघे परत अंगणात गाडी उघडून बसले असते. मला ते नको होतं. मला राजेने पडायला हवं होतं. त्याच वळणावर, तशाच टायरवर.

या वर्षी एप्रिलमध्ये मी कमिटीला पत्र लिहिलं. विषय: प्रेक्षकांत बसणाऱ्या लहान मुलांना धुळीचा होणारा त्रास. खोटं काही नव्हतं त्यात. सरावाच्या दिवशी ठमी दोन तास खोकत होती, आणि फायनलला कुंपणापासचे बाक पोरांनी भरलेले असतात. मी अकरा आयांच्या सह्या घेतल्या. फायनलच्या अगदी आधी पाणी मारावं, नाहीतर ऊन तासाभरात वाळवून टाकतं, हेही मीच सुचवलं. कमिटीवाल्यांनी पत्र मंजूर केलं आणि शर्यतीच्या दहा दिवस आधी ऑफिसबाहेरच्या फळ्यावर नोटीस लावली: वार्षिक शर्यतीत फायनलपूर्वी दहा मिनिटे ट्रॅकवर पाणी मारण्यात येईल.

पत्र ठमीच्या छातीसाठी होतं की राजेच्या पायासाठी, असं कुणी विचारलं असतं तर मी दोन्ही म्हटलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, नोटीस तर सगळ्यांसाठी होती. होतीच. पण हे गाडीवाले फळा वाचत नाहीत. त्या फळ्यावर दोन वर्षांपूर्वीच्या रक्तदानाचा कागद अजून आहे. त्यांना काही हवं असलं की एकमेकांना विचारतात, टायरला नख लावून बघतात, मातीत टाच मारून बघतात. एकाने ऐकलं की सगळ्यांना कळतं, आणि एकाने खोटं सांगितलं तर एकाचा पाय मोडतो. नवऱ्यालाही नोटीस मीच नेऊन दाखवली. त्याने ती दोनदा वाचली.

“अरे वा. मग मऊ जमिनीचेच टाकू.”

“टाकूच,” मी म्हटलं. “पण सकाळच्या सरावाला जुने कडकवाले वापर. ट्रॅक तेव्हा कोरडा असेल, नव्या टायरच्या धारा फुकट बोथट होतील. दुसरी चाकं आहेत ना आपल्याकडे? फायनलआधी चाकं बदल.”

“तू एवढा विचार कधी केलास?”

“वेळ होता मला,” मी म्हटलं.

शनिवारी आम्ही टायरवाल्या मावशींच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे छतापर्यंत टायरांच्या चळती आणि मधून एक माणूस जाईल एवढी वाट. नव्या रबराचा वास असा की डोक्यात भिनतो. मावशींचा चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि दंड माझ्या नवऱ्यापेक्षा भक्कम. यजमान गेल्यावर दुकान विकतील असं सगळ्यांना वाटलं होतं, तर त्यांनी शेजारचा गाळाही घेतला.

“मागचा शंभर-नव्वद-एकोणीस, पुढचा ऐंशी-शंभर-एकवीस,” मी म्हटलं. “मऊ जमिनीचे. आणि मावशी, तारीख बघून द्या.”

“बघ बाई, तूच बघ.” त्यांनी टायर माझ्यापुढे आडवा टाकला. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मी ठमीला कडेवर घेऊन वाकून वाचलं. मागचा ठीक होता. पुढचा तीन वर्षांपूर्वीचा निघाला.

“हा नको.”

“अगं, गोदामात सावलीत होता. बायकोसारखा जपलाय.”

“मावशी, तुम्हाला बायको कुठली?”

“म्हणून तर जपला नीट,” त्या म्हणाल्या आणि हसत दुसरा काढायला गेल्या. मी नव्याच्या ठोकळ्याला नख लावलं. जुन्यात नख रुतत नाही, नुसतं घसरतं. नव्यात चंद्रकोर उठली आणि हळूहळू बुजली. मग प्रत्येक ठोकळ्याच्या मुळाशी भेग आहे का ते चाचपलं. नवरा बाहेर फुटपाथवर चाक घेऊन बसला होता, कड कुठे वाकली आहे का ते बघत. मावशीही त्याच्याकडे गेल्या.

तेवढ्यात राजे आत आला. त्या चिंचोळ्या वाटेतसुद्धा सतरंजीवरून चालल्यासारखा.

“काय वहिनी! आज खरेदी तुमच्या हातात? वेल्डरची बढती झाली का हमालात?”

“या भावजी. ठमी, बघ कोण आलंय.” ठमीने हात पुढे केले. मी दिली नाही तिला. “परवा टँकरवाले काका आले होते घरी,” मी म्हटलं.

“अच्छा?”

“तासभर बसले. गेल्या वर्षीचं बोलत होते. सगळं.”

मी त्याच्या डोळ्यांत बघत होते आणि हसत होते. परवा कोणी आलं नव्हतं. पण एवढंच काय ते खोटं मी बोलले, तेही दिवसापुरतं.  राजेने एका टायरवर हात ठेवला आणि उगाच चोळायला लागला.

“काय... काय म्हणाले काका?”

“काही नाही हो. म्हातारी माणसं. बोलायला लागली की थांबत नाहीत.”

नेमका तेव्हाच नवरा हात पुसत आत आला. राजेला बघून त्याचा चेहरा उजळला, खरोखर उजळला, आणि मला तो बघवेना. मी ठमीची टोपी सारखी करायला लागले.

“राजे! बरं झालं भेटलास, फोनच करणार होतो. फायनलआधी पाणी मारणार आहेत. मऊ जमिनीचेच टाक. आम्ही तेच घेतलेत.”

राजेने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत त्याच्याकडे. एका माणसाच्या डोक्यात हिशेब चाललेला असा समोरून बघायला क्वचित मिळतो.

“असं म्हणतोस?” तो सावकाश म्हणाला.

“अरे, नोटीस लागलीय फळ्यावर.”

“फळ्यावर!” राजे हसला. “वा. नोटीस बिटीस. बरं बरं.”

मागून मावशी आल्या. “राजे, तुला कुठले देऊ? नक्की नसेल तर मधले ने. दोन्हीकडे चालतात.”

“मधले टायर म्हणजे मधला नंबर, मावशी. मला कडक जमिनीचे द्या,” राजे म्हणाला, आणि नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारली. “थँक्यू हं, मित्रा. आठवणीने सांगितल्याबद्दल.”

“अरे पण मी तुला—”

“कळलं. सगळं कळलं.” आणि जाताना त्याने मला डोळा मारला, जशी काही आमच्यात पैज लागली होती.

नवरा त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. “ह्याला काय झालं?”

“त्याला वाटत असेल, त्याला जास्त कळतं,” मी म्हटलं.

त्याने दुसऱ्या कुणाला विचारलं असतं, फळ्यापर्यंत वीस पावलं चालून गेला असता, तर वाचला असता. पण खोटं सांगून पाय मोडता येतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आपल्यालाही कोणी तसंच सांगणार एवढी खात्री असते की चौकशीची गरजच उरत नाही. मी त्याच्यावर एवढाच भरवसा टाकला होता.

शर्यतीच्या दिवशी मी पहाटेच उठले. ठमीला सासूबाईंकडे ठेवायचं ठरलं होतं, पण मला ती कडेवर लागते, हातांना काम नसलं की मी नखं खाते. मी नवऱ्याच्या दोन्ही चाकांचे नट तीनदा तपासले. चौथ्यांदा वाकले तेव्हा तो म्हणाला, “अगं, आता ते स्वतःच ओरडतील, पुरे म्हणून.”

सराव जुन्या टायरवर झाला, ठरल्याप्रमाणे. ट्रॅक कोरडाठाक, धूळ ताडमाड. राजे आमच्या तंबूपाशी येऊन मुद्दाम थांबला, नवऱ्याच्या गाडीचे ते घासलेले बुटके ठोकळे बघितले, आणि असा हसला जसा पकडलेल्या चोराकडे बघून पोलीस हसतो.

“मऊ जमिनीचे, अं?”

“ते फायनलला. आत्ता चाकं बदलतोय,” नवरा म्हणाला.

“बदल, बदल,” म्हणत तो गेला.

नवऱ्याने खरंच बदलली. राजे मागे वळून बघायलासुद्धा थांबला नाही. गाड्या दोरीच्या आत गेल्या तेव्हा पहिल्यांदा त्याची नजर आमच्या मागच्या चाकावर पडली. उंच, लांब लांब ठोकळे, नवे कोरे. तो जागच्या जागी उभा राहिला. त्याने पंचाकडे बघितलं, दोरीकडे बघितलं. हात लावता येत नव्हता. मी कुंपणाला टेकून उभी होते. त्याने मला शोधून काढलं गर्दीतून. मी ठमीचा हात धरून त्याला टाटा केला.

दहा मिनिटं उरली असताना टँकर आला.

काकांनी अगदी निगुतीने पाणी मारलं, एक कोपरा कोरडा ठेवला नाही. बाकांवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मावशी त्यांची हवा भरायची मशीन घेऊन आमच्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “हे काय गं, राजेने तर कडकवाले नेले.”

“हो ना,” मी म्हटलं.

शर्यत सुरू झाली. मी एक डोळा नवऱ्यावर आणि एक राजेवर ठेवून होते, आणि खरं सांगते, राजेवरचा डोळा जास्त उघडा होता. पहिल्या फेरीत तो पुढे होता. त्याला येतं, ते नाकारत नाही. दुसऱ्या फेरीत चिखल त्या दाट ठोकळ्यांत भरला आणि त्याचं मागचं चाक शेपटीसारखं हलायला लागलं. डावीकडचं वळण आलं.  पड, मी म्हणत होते. मोठ्याने नाही, पण ओठ हलत असणार, कारण मावशींनी माझ्याकडे बघितलं.

तो पडला. पण पाय मोडेल असा नाही. चढाच्या सुरुवातीलाच चाक फिरत राहिलं आणि गाडी पुढे जाईना, मग ती हळूच, एखादी म्हैस बसते तशी, कुशीवर झाली. राजे तिच्याखालून सरपटत निघाला. उचलली, चढवली, परत तीच तऱ्हा. तिसऱ्यांदा पोरं मोजायला लागली. “चाऽर! पाऽच!” सबंध कुंपण हसत होतं. मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीने त्याच्यावर चिखल उडवला. माझा नवरा त्याच्या बाजूने गेला तेव्हा वेग कमी केला, मान वळवून बघितलं, लागलं का म्हणून. तिथेच त्याचे दोन नंबर गेले असतील.

हाड मोडलं नाही याचं मला वाईट वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

नवरा चौथा आला. उभाच्या उभा, दोन्ही पायांवर. ठमीला मी इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

तो हेल्मेट काढत होता तेवढ्यात राजे आला. गाडी ढकलत, डोक्यापासून बुटापर्यंत एकाच रंगाचा. मागून पंधरा-वीस जण दात काढत येत होते. त्याने गाडी आमच्या तंबूसमोर टाकून दिली, स्टँडसुद्धा न लावता.

“झालं समाधान?” तो नवऱ्यावर ओरडला.

“अरे, लागलं का कुठे? बस, पाणी पी आधी—”

“नाटक पुरे! मुद्दाम केलंस ना?”

“काय केलं मी? तुला दुकानात सांगितलं होतं, पाणी मारणार आहेत, मऊ जमिनीचे टाक—”

“सांगितलंस! म्हणून तर फसलो! मला वाटलं तू गेल्या वर्षीचं उट्टं काढतोयस, खोटं सांगून! म्हणून मी उलटे—”

आणि तो थांबला. तोंड उघडंच होतं, चिखलात तेवढे दात पांढरे.

एवढं मी ठरवलं नव्हतं. आईशपथ. मी फक्त चिखलापर्यंत बेत केला होता.

“गेल्या वर्षीचं कसलं उट्टं?” नवऱ्याने विचारलं.

राजेने माझ्याकडे बघितलं. “वहिनींनी तुला... काकांनी...”

“काय काकांनी?”

कोणी हसत नव्हतं आता. मावशींनी मशीन बंद केली. “बोल की, राजे,” त्या म्हणाल्या. “अर्धं गिळू नकोस.”

नवरा वाट बघत उभा होता. त्याचा हात मांडीवर गेला होता, आपोआप. राजेने तो हात बघितला आणि मग त्याच्या अंगातली हवाच गेली.

“एक शर्यत होती रे,” तो म्हणाला. “मला वाटलं, तू हळू जाशील, मागे राहशील. बस, एवढंच. पाय मोडेल असं थोडंच वाटलं होतं मला.”

“तुला माहीत होतं पाणी येणार ते.”

राजे हातमोज्यावरचा चिखल पुसायला लागला.

“तू दवाखान्यात आला होतास,” नवरा म्हणाला. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “रोज यायचास. मला उठवून बसवायचास.”

“म्हणूनच यायचो ना—”

“जा, राजे.”

“ऐक तरी—”

“जा.”

राजे खाली वाकला, गाडी उचलायला लागला. चिखलाने जड झालेली, एकट्याला उचलेना. दहा वर्षांत पहिल्यांदा वेल्डर पुढे झाला नाही. बाकीचेही उभे राहिले. शेवटी त्याने ती फरफटत नेली.

लोक पांगले. मावशी दुसरीकडे बघत नळी गुंडाळत बसल्या. नवरा उलट्या बादलीवर बसला आणि हातमोजे काढायला लागला, एकेक बोट.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“ठमी चाळीस दिवसांची होती तेव्हापासून.”

“तू त्याला चहा देत होतीस.”

“हो.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू माफ केलं असतंस.”

त्याने बराच वेळ विचार केला. तो खोटं बोलत नाही, त्यामुळे त्याला वेळ लागतो. “हो,” तो म्हणाला. “केलं असतं.” मग मान वर केली. “दुकानात मी त्याला सांगितलं ते मनापासून सांगितलं गं. आणि तू ते तसंच वापरलंस. उंदराच्या सापळ्यात भाकरीचा तुकडा लावतात, तसं.”

 काय म्हणणार, खरंच होतं ते.

“उद्या तुला कुणाचा राग आला,” तो म्हणाला, “तर मला आधी सांगशील?”

“प्रयत्न करीन.”

“प्रयत्न,” तो म्हणाला, आणि हसला नाही. उठून त्याने ठमीला माझ्याकडून घेतलं आणि सामानाच्या टेम्पोकडे चालायला लागला, डावा पाय जरा ओढत. मी त्याच्या मागे जायला हवं होतं. मला ते कळत होतं. सामान आवरायचं होतं, त्याच्याशी बोलायचं होतं, ते आज संपणार नव्हतं आणि उद्याही नाही.

पण मैदानाच्या पलीकडच्या टोकाला राजे एकटाच उकिडवा बसला होता. स्क्रूड्रायव्हर घेऊन टायरच्या फटींतला चिखल टोकरून काढत होता, एकेक ठोकळा. त्याच्या जवळून माणसं जात होती आणि थांबत नव्हती. मी कुंपणाला टेकले आणि बघत राहिले. नवऱ्याने दोनदा हॉर्न वाजवला. मी हात केला, आलेच म्हणून, आणि आणखी थोडा वेळ बघितलं.